गालावरचा जांभळा ठिपका

दात वाचवायचा असेल तर पेशंटला तीनदा यावं लागतं. काढायचा असेल तर एकदाच. माझी सगळी नोकरी या एका फरकात खर्ची पडली.

वणीच्या पलीकडे, तेलंगणाच्या हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक ग्रामीण रुग्णालय आहे. तिथे मी दंतवैद्य होते. पाटीवर लांबलचक हुद्दा होता, पण मोठी माणसं मला 'दाताच्या मॅडम' म्हणत आणि पोरं 'दात पाडनारी बाई'. पोरांचं नाव जास्त खरं होतं. रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात चूक माझी आहे, इमारतीची नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दंतवैद्य म्हणजे पांढरा कोट, गुळगुळीत खुर्ची आणि डोक्यावर लख्ख दिवा. माझी खुर्ची वर जायची, पण खाली यायची नाही. एकदा वर गेली की त्या दिवशीचे सगळे पेशंट स्टुलावर पाय ठेवून चढायचे. दात कोरायचं यंत्र हवेच्या दाबावर चालतं, आणि तो दाब देणारा कॉम्प्रेसर मी रुजू झाले त्याच वर्षी बंद पडला. दुरुस्तीचा माणूस नागपूरहून यायचा होता. मी निवृत्त झाले तेव्हाही तो यायचाच होता. यंत्र नाही म्हणजे कीड कोरता येत नाही, आणि कीड कोरल्याशिवाय दात भरता येत नाही. हाताने खरवडून भरायचं एक सिमेंट असतं, ते वर्षातून दोनदा यायचं आणि महिन्याभरात संपायचं. उरली पक्कड. पक्कड कधी बिघडत नाही.

बरं, सिमेंट असलं तरी ते भरून घ्यायला माणूस हवा. मी एखाद्या बापाला सांगायची, "आज औषध भरते. आठ दिवसांनी आणा, मग पुन्हा एकदा आणा. दाढ वाचेल."

तो पोराकडे बघायचा, मग दाराबाहेर उभ्या एसटीकडे. "तीनदा कसं जमन, मॅडम? इकडे आलो का दिवस बुडते. काढूनच टाका."

"अहो, ही पक्की दाढ आहे. पुन्हा येणार नाही."

"दुधाची असन. पोट्टं आठ वर्साचं तं हाय."

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण शिकलेल्या घरांतही ती माहीत नसते. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्या जागी आधी काही नसतं, त्यामुळे ती येताना काही पडत नाही, रक्त येत नाही, कुणाच्या लक्षात येत नाही. सगळ्यांना वाटतं तीही दुधाचीच. ती किडली तरी 'पडनारच हाय' म्हणून सोडून देतात. ती पडत नाही. ती म्हातारपणापर्यंत चावायला दिलेली असते. मी वाद घालायची, चिडायची, पाटीवर चित्र काढून दाखवायची, आणि शेवटी पक्कड उचलायची. 'काढूनच टाका' हे दोन शब्द मी माझ्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकले आहेत.

माझ्या जोडीला देवरावभाऊ होते. कागदावर शिपाई, पण पोराचं डोकं कसं धरायचं हे त्यांच्यासारखं मी कुणात पाहिलं नाही. एक हात कपाळावर, एक हनुवटीखाली, आणि तोंडाने त्याच्या गावच्या बैलांची चौकशी चालू. माझ्या चिडण्यावर ते एकच म्हणत, "मॅडम, आपन दोघं हावो म्हनून इतकं तरी होते." त्यात तथ्य होतं. आमच्या मागेपुढे कितीतरी गावं अशी होती जिथे दाताच्या डॉक्टरचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं.

गिऱ्हाईकं मात्र एकेक नमुनेदार. एक आजोबा सात वर्षांच्या नातवाला घेऊन आले. आधी बाजारातल्या एका माणसाकडे जाऊन आले होते. तो रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून नळीने तोंडात धूर देतो आणि मग पाण्याच्या वाटीत पांढरे किडे काढून दाखवतो. धूर घेऊनही पोराचं दुखणं थांबलं नाही म्हणून माझ्याकडे. मी दाढ काढली. आजोबा म्हणाले, "किडा दाखवा."

मी म्हटलं, "आजोबा, दातात जिवंत किडा नसतो. गोड खाऊन, दात न घासून दात सडतो, त्याला आपण कीड म्हणतो."

"त्यानं चार दाखवले. तुम्ही एवढ्या शिकेल, अन् एक नाई दाखवता येत?"

मी ती दाढ धुऊन त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी उन्हात नेऊन ती उलटीसुलटी केली, फुंकर मारली, आणि मला समजून घेतल्यासारखे म्हणाले, "निंघून गेला असन धुन्यात." देवरावभाऊ तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिले.

हसण्यासारख्या गोष्टी तेवढ्याच. खाणीकडच्या वस्तीतून एक आई तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. तक्रार काय, तर पोरगा तिखट खाईना, भाजी पुढे आली की रडतो. मी म्हटलं तोंड उघड. उघडलं तर माझी दोन बोटंही आत जाईनात. निरोगी तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात. गालाच्या आत पांढरे, कडक दोर लागत होते. आमच्याकडे खर्रा खातात, सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून. हा पोरगा चौथीपासून खात होता, शाळेच्या फाटकासमोरच मिळायचा.

आई म्हणाली, "याचा बाप तं किती वर्सांचा खाऊन राह्यला. त्याले काई नाई झालं."

मी सांगितलं, समजावलं, घाबरवलं. दोनदा आला, मग आला नाही. पुढे वणीच्या बसस्टँडवर तो मला दिसला, मिसरूड फुटलेला. पोह्यांची बशी समोर होती आणि तो एकेक पोहा बोटाने ओठांमधून आत सारत होता. मी ओळख दाखवली नाही. काय विचारणार होते?

माझी एक भाची परदेशात हेच काम करते. मला वाटायचं, तिचं बरं आहे. एकदा फोनवर म्हणाली, "मावशी, इथंही गरीब वस्त्यांमधल्या पोरांचे दात सडतात गं. भूल देऊन एकदम सहा-सहा काढतो आम्ही, आणि त्या भुलीसाठी पोरं महिनोन् महिने दुखत वाट बघतात." ऐकून मला बरं वाटलं नाही. पण आपण एकट्याच नाही, एवढं कळलं.

आता पाण्याबद्दल. आमच्या भागातल्या बऱ्याच हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणी दात हिरडीच्या आत तयार होत असतात, तेव्हा हे पाणी पोटात गेलं की दात बाहेर येतानाच तपकिरी येतात. काहींचे खडबडीत, खड्डे पडलेले. पोरी हसताना तोंडावर हात धरतात, आणि पुढे तीच सवय पदराने चालू राहते. पाहुणे मुलगी बघायला आले की दातांवरून गाव ओळखतात. पण हे दात किडलेले नसतात. डागाळलेले असतात. बारीक आकडीने टोकरून पाहिलं की फरक कळतो. चांगला दात आकडीखाली कडक लागतो, किडलेल्यात ती रुतते. हे पाहायला एका दाताला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही.

वर्षातून एकदा आम्ही आश्रमशाळांमध्ये शिबिर घ्यायचो. आश्रमशाळा म्हणजे निवासी शाळा, पोडांवरची आणि तांड्यांवरची मुलं तिथेच राहतात. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, टेकाडावर दहा-वीस घरं. तिथून पोर घेऊन दवाखान्यात येणं कुणाला जमत नाही, म्हणून दवाखाना शाळेत. सकाळी मी व्हरांड्यात बसून दोनशे तोंडं बघायची. दुपारी जेवण झाल्यावर ज्यांचा दात काढायचा त्यांना रांगेत घ्यायचं. हे सगळं एका दिवसात आटपावं लागे, कारण गाडी एकाच दिवसाची मिळायची.

पहिल्या वर्षी आम्ही मुलांच्या हातात चिठ्ठ्या दिल्या. अर्ध्यांनी विमानं केली, काहींनी खाल्ल्या, आणि दुपारी कुणाचा कुठला दात हे कळेना. मग देवरावभाऊंनी युक्ती काढली. जखमेला लावायचं जांभळं औषध असतं ना, त्याचा ठिपका गालावर लावायचा. डाव्या बाजूची दाढ असेल तर डाव्या गालावर, खालची असेल तर गालाच्या खालच्या भागात. धुऊन जात नाही, हरवत नाही, खाता येत नाही. चुकीच्या गालावर लागलाच तर स्पिरिटचा बोळा फिरवला की निघतो. दुपारी पोर समोर आलं की ठिपका बघायचा आणि कामाला लागायचं. वेळ निम्मा झाला. जिल्ह्याच्या बैठकीत आमच्या या ठिपक्याचं कौतुक झालं, मला उभं राहून दोन शब्द बोलायला लावलं. मी देवरावभाऊंचं नाव घेतलं, आणि मनातून स्वतःलाही शाबासकी देऊन घेतली. पुढे दुसऱ्या तालुक्यांमधूनही फोन आले, ठिपक्याचं कसं करता म्हणून.

त्या वर्षीचं शिबिर दिवाळीच्या सुट्टीनंतर होतं. शाळेच्या अधीक्षिका बाई मोठ्या काटेकोर. सकाळी मी लावले तेवढे ठिपके त्यांनी मोजून वहीत लिहिले. एकतीस. दुपारी एकतीस पोरं रांगेत उभी राहिली पाहिजेत, एकही कमी नाही, असा त्यांचा हिशेब. मागच्या वर्षी दोघं संडासात जाऊन लपली होती.

त्या एकतीस पोरांमधली बहुतेक मला आठवत नाहीत. आठवते ती काजल. पाचवीतली, एका पोडावरची, दोन वेण्या घट्ट बांधलेली. तिच्या डाव्या गालावर ठिपका होता. तोवर ऊन व्हरांड्यातून सरकलं होतं आणि बॅटरीचा उजेड पिवळा पडला होता. गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला होता. काजलने न सांगता तोंड उघडलं आणि डोळे माझ्यावर ठेवले. खाली डाव्या बाजूला सहाव्या वर्षी येणारी ती पक्की दाढ होती, तपकिरी, खड्डे पडलेली. मी आकडी उचलली नाही. सुई दिली, पाच मिनिटं थांबले, पक्कड लावली.

दाढ सुटता सुटेना. किडलेली दाढ बहुतेक वेळा तुकड्यांनी येते, ही दोन्ही मुळांसकट अख्खी आली. देवरावभाऊंनी ती ट्रेमध्ये घेतली आणि उजेडाकडे धरली. मग हळूच म्हणाले, "मॅडम, हे दाढ तं साबूत हाय."

मी बघितली. मला कळलं. खोटं कशाला लिहू, मला त्याच क्षणी कळलं होतं. डागाळलेली दाढ होती, किडलेली नव्हती. सकाळी घाईत माझाच ठिपका चुकला असेल, असं मी धरलं. आणि म्हटलं, "पुढची घ्या."

काजल कापूस दातात धरून उठली. रडली नाही. दारापाशी जाऊन एकदा वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, घाबरली असेल. संध्याकाळी वहीत एकतीस ठिपके आणि एकतीस दात जुळले. अधीक्षिका बाईंनी सही केली, चहा दिला, आणि आम्ही निघालो.

बारा दिवसांनी, सोमवारच्या ओपीडीत, एक माणूस आठ वर्षांच्या मुलीला खांद्यावर टाकून आत आला. मागे काजल. ती मुलगी म्हणजे तिची धाकटी बहीण, पायल, तिसरीतली, त्याच शाळेतली. ताप आला आणि गाल सुजला तेव्हा शाळेत सगळ्यांना वाटलं गालफुगी, बाकीच्या पोरांना लागेल म्हणून तिला घरी पाठवलं. घरी तीन दिवस लेप लावले. काजलही तिच्यासोबत घरी आली होती, तिला सोडून राहायला तयार नव्हती म्हणे.

मी पायलला खुर्चीत बसवलं. ती मागे टेकेना, पुढे वाकून बसली. हनुवटीखालचा सगळा भाग लाकडासारखा कडक झालेला. जीभ वर ढकलली गेलेली, तोंडातून लाळ गळत होती आणि ती गिळता येत नव्हती. श्वास घ्यायला तिला खांदे उचलावे लागत होते. ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांना वाटेल सूज आहे, उतरेल. दाढेचा पू जबड्यातून खाली उतरून गळ्यात पसरला की असं होतं. मी बॅटरी धरून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. डावीकडे खाली तीच सहाव्या वर्षी येणारी दाढ, आतून पोखरलेली, शेजारी हिरडीवर फुटलेली पुळी. ही कीड काही बारा दिवसांची नव्हती.

मी इंजेक्शनं दिली, रुग्णवाहिका मागवली, यवतमाळला फोन लावला. तिथले डॉक्टर म्हणाले, लक्षणं अशी असतील तर थेट नागपूरला काढा. बाप माझ्यासमोर हात जोडून उभा होता. तो म्हणाला, "दाताचं काई नसन ना, मॅडम? शिबिरात तुम्ही पाह्यलतं ना हिच्या तोंडात?"

मी म्हटलं, "गाडी येतेय. तुम्ही तिच्यासोबत बसा." मग तो गाडी बघायला फाटकाकडे गेला.

काजल भिंतीला टेकून होती. ती माझ्याजवळ आली आणि इतक्या हळू बोलली की मला वाकावं लागलं.

"मॅडम, हिचा ठिपका म्या पुसलता."

"कधी?"

"जेवनाच्या सुट्टीत. तुमचा बोळा होता ना खिडकीत, त्यानं. हिले सुईचं लय भेव वाटे. सकायपासून रडून राह्यली होती. मंग बाई एकतीस मोजतीन म्हनून बाजूच्या जांभळ्या बाटलीतून मी माह्या गालावर लावला."

ट्रेमधली ती अख्खी दाढ माझ्या डोळ्यांसमोर आली. सकाळी मी चुकले नव्हते. ठिपका बरोबर गालावर लावला होता. दुपारी मी फक्त ठिपका बघितला.

त्या क्षणी मी काय म्हणायला हवं होतं, हे मला आता नीट माहीत आहे. म्हणायला हवं होतं की पोरी, ठिपका तू हलवलास, पण दात मी काढला. तुझं तोंड उघडं होतं, माझ्या हातात बॅटरी होती. अकरा वर्षांच्या पोरीने बहिणीला वाचवायचं म्हणून केलं ते केलं. तपासायचं काम तुझं नव्हतं.

मी म्हटलं, "हे कुणाला सांगू नको."

मला तेव्हा वाटलं, मी तिला जपतेय. बापाला कळलं तर मारेल, पोडावर सगळे तिलाच दोष देतील. असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. त्यात थोडं खरंही असेल. पण तिने सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न मलाच आला असता, हे मला तेव्हाही कळत होतं.

रुग्णवाहिका आली. देवरावभाऊंनी पायलला उचलून आत ठेवलं, तिच्या डोक्याखाली स्वतःचा गमछा गुंडाळून दिला. काजलला गाडीत घेतलं नाही, जागा नव्हती. ती फाटकाशी उभी राहिली. देवरावभाऊंनी संध्याकाळी तिला स्वतः शाळेत पोचवलं. तिसऱ्या दिवशी नागपूरहून फोन आला की पायल गेली.

दाताने पोर मरतं, यावर लोकांचा विश्वास बसत नाही. माझ्या वरिष्ठांचाही बसेना. खुलासा मागवला गेला, शिबिरात सदर विद्यार्थिनीची तपासणी झाली होती काय. वहीत पायलच्या नावापुढे बरोबरची खूण होती, कारण दुपारी ज्यांच्या गालावर ठिपका नाही ते सगळे 'दोष नाही' या रकान्यात गेले होते. मी लिहून दिलं की तपासणीवेळी दोष आढळून आला नाही, संसर्ग त्यानंतर झाला असावा. काजलच्या नावापुढे होतं, खालची डावी दाढ, किडल्यामुळे काढली. तेही तसंच राहू दिलं. दोन ओळी, दोन्ही खोट्या, खाली माझी सही. सरकारी मराठीत खोटं लिहायला फार जड जात नाही, वाक्यं आधीच तयार असतात.

देवरावभाऊंना मी काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. पण पुढच्या शिबिराला जाताना त्यांनी पेटीत जांभळी बाटली ठेवली नव्हती. मी म्हटलं, "ठिपक्याचं काय?" तर म्हणाले, "नाव ईचारून, तोंड पाहून करू. उशीर झाला तं होऊ द्या." त्या दिवशी गाडीवाला रागावला, आणि आम्ही दोन दिवस केलं. इतकं सोपं होतं ते.

काजलला मी त्यानंतर शाळेत दोन वर्षं बघितलं. तपासणीला समोर यायची, तोंड उघडायची, मी बघायची, ती जायची. डावीकडच्या त्या रिकाम्या जागेत मागची दाढ हळूहळू कलत होती. मी एक शब्द बोलले नाही. मग ती आठवीला दुसऱ्या शाळेत गेली. मी निवृत्त होऊन बाभुळगावात आमच्या घरी येऊन राहिले. लोक म्हणतात, निवृत्तीनंतर वेळ जात नाही. माझा वेळ जात होता, पण तो सगळा त्या व्हरांड्यात जात होता.

मागच्या उन्हाळ्यात मी गेले. देवरावभाऊंना फोन केला, तर ते न विचारता सोबत आले. पोडावर पोचलो तेव्हा काजल अंगणवाडीतून नुकतीच घरी आली होती. तिथे मदतनीस आहे आता. तिने ओळखलं, बाज टाकली, पाणी दिलं. हसली तेव्हा हात तोंडावर गेला. बाप जंगलाकडे गेला होता, दिवस मावळताना येणार होता. देवरावभाऊ बाहेर झाडाखाली जाऊन बसले.

मी जे सांगायला आले होते ते सांगितलं. पाठ केल्यासारखं झालं, इतक्या वेळा मनात म्हणून झालं होतं. चूक माझी होती. तुझी दाढ चांगली होती, ते मला ती निघाल्यावर लगेच कळलं, तेव्हाच रांग थांबवून शोधलं असतं तर पायल सापडली असती. तुला गप्प बसवलं तेही माझ्यासाठी. आणि मी खोटं लिहून दिलं.

काजल ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. मी विचारलं, "घरी कुणाला सांगितलंस का कधी?"

"नाई. तुम्हीच म्हटलं होतं ना, कोनाले सांगू नको."

नऊ वर्षं. मी म्हटलं, "आज तुझे बाबा आले की मी सांगते. तू काही बोलू नको, मीच सांगते. म्हणून तर आले."

 बाहेर देवरावभाऊ कुणाच्या तरी बैलांची चौकशी करत होते. मग ती म्हणाली, "मॅडम, तुम्हाले वाटते का म्या पायलच्या बदल्यात माही दाढ काढाले दिली?"

"मग?"

"तसं नोतं. मले कायले काढाची होती? म्या म्हटलं, ठिपके एकतीस भरतीन, बाई काई बोलनार नाईत. अन् तुम्ही माह्या तोंडात पाहसान, अन् म्हनसान का हिची दाढ तं चांगली हाय, जाय. म्हनून म्या तोंड मोठं उघडलं, बरोबर दिसाव म्हनून."

 बाप यायला अजून दोन तास होते. मी बाजेवर बसून राहिले.